उजव्या डोळ्यातल्या माशा

९ एप्रिल, प्राग

पोचलो एकदाचा. अड्याळहून निघाल्याले दोन दिवस झाले, अंगातला शर्ट अजून तोच. घरी उन्हानं माणूस भाजून निघते, अन् इथं विमानतळाबाहेर पाय ठेवला तं दातावर दात वाजले.

चौघं आहो. नवरदेव तुषार, नवरी स्नेहल, तुषारची आत्याबाई अन् मी फोटोवाला. लग्न मेच्या ३ तारखेले, भंडाऱ्यात. त्याच्या आधी प्री-वेडिंगचे फोटो युरोपातच पाहिजे हा स्नेहलचा हट्ट. लग्नाआधी पोरगी एकटी पोरासंगं परदेशात जाणार नाही हा तिच्या बापाचा हट्ट. त्यात आत्याबाईचा नंबर लागला. पवनीच्या विणकर कोष्ट्याघरच्या, साठीच्या पुढच्या, विधवा. एका बॅगेत कपडे, दुसरीत जवसाची चटणी, मुरमुरे अन् तिखट. (पूर्ण लिहायचा कंटाळा. आ.बा. लिहीन.)

संगीताले फोन केला. कोंढ्याच्या शाळेतच होती, मागं पोरं पाढे म्हणून राहिले होते. म्हणे, ‘गळ्यात मफलर घाला अन् दोन टाइम फोन करा. बायको आहो मी, हेडमास्तर नाही, असं दबून काहून बोलता?’ दबून नाही बावा, थंडीनं तोंड उघडत नाही.

कॅमेऱ्यातून पायलं तं दोन काळे ठिपके. रस्त्यात धूळ गेली असन. उद्या साफ करतो.

१० एप्रिल

सकाळी उजाडताच पुलावर. जुना दगडी पूल, दोन्ही बाजूनं काळे पडलेले संतांचे पुतळे, खाली नदी, नदीत हंस. खरं सांगतो, छाती भरून आली. मंग समोर पायलं तं आमच्यासारखे आठ जोडपे लायनीत! एक कोरियाचं, एक दिल्लीचं, बाकी कुठचे कुठचे. साऱ्यायले तोच खांब पाहिजे, तोच सूर्य पाहिजे. राशन दुकानात उभं असल्यासारखं वाटलं.

फोटो इथं कसाही काढा, चांगलाच येते. मले त्याचाच राग येते. गोसे धरणाच्या पाण्यावर एक बरा फोटो भेटावा म्हणून मी चार-चार दिवस ताटकळलो आहो. इथं मेहनतच नाही. हजार लोकायनं काढलेला फोटो मी हजार एकाव्यांदा काढला.

उजव्या बाजूनं कोणीतरी सारखं फ्लॅश मारून राहिलं होतं. वळून पायलं की कोणीच नाही.

ठिपके व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतात, फोटोत नाही. म्हणजे सेन्सर साफ आहे, धूळ आतल्या काचेवर आहे. वीस वर्षांचा धंदा आहे, एवढं तं समजते.

११ एप्रिल

काच काढून तीनदा पुसली. पंपानं हवा मारली. ठिपके वाढलेच. आता एक सूतही लोंबून राहिलं. शेवटी दुसरा कॅमेरा काढला. त्यातही तेच! दोन्हीत एकाच वेळी धूळ? थंडीनं आत दव धरलं असन. हॉटेलात कॅमेरे टॉवेलात गुंडाळून हीटरजवळ ठेवले.

दुपारी त्या मोठ्या घड्याळाखाली. दर तासाले खिडकीतून बाहुल्या निघतात म्हणे. पाचशे माणूस माना वर, मोबाइल वर. बाहुल्या आल्या अन् गेल्या. आ.बा. म्हणे, ‘बस? एवढ्यासाठी विमानात बसवलं मले?’ स्नेहलचं तोंड एवढुसं झालं. मी पोट धरून हसलो.

मंग आ.बा. मले म्हणे, ‘अवो फोटोवाले भाऊ, तुमी मघापासून माशा काहून हाकलून राहिले? इथं तं औषधाले एक माशी नाही.’

हसण्यावारी नेलं.

१२ एप्रिल

आज समजलं.

सकाळी नाश्त्याले बसलो. पांढरी चिनीमातीची प्लेट समोर ठेवली. प्लेटवर काळे ठिपके, अन् एक सूत. बोटानं झटकलं. हललं नाही. मंग मी नजर बाजूले केली तं ते सारं नजरेसंगं सरकलं. गळ्यात कॅमेरा नव्हता. कॅमेरे वर खोलीत टॉवेलात होते.

धूळ डोळ्यात आहे. तीन दिवस मी काच पुसून राहिलो होतो.

पाव तसाच ठेवून वर आलो, दाराले कडी लावून बसलो. उजवा डोळा आहे. उजवाच. डाव्याचं माह्या घरच्यांशिवाय कोणालेच माहीत नाही. नऊ वर्षांचा होतो तेव्हा विटी लागली, तेव्हापासून त्यातून नुसत्या सावल्या दिसतात. फोटोवाला तसाही एक डोळा मिटूनच काम करते, म्हणून निभावलं. वीस वर्षांत हजारभर लग्नं झाली असतील, कोणाले समजलं नाही का या माणसाले एकच डोळा आहे. आता त्याच एकात माशा.

गूगल उघडलं अन् दोन ओळी वाचून बंद केलं. वाचवत नाही.

कोणाले सांगू? तुषारले सांगितलं तं म्हणन, एकडोळ्या फोटोवाला आणला का आम्ही? सांगत नाही. परतीचं तिकीट २१ तारखेचं. नऊ दिवस. नागपूरले उतरलो का सरळ डोळ्याचा डॉक्टर.

१३ एप्रिल

एका चर्चमध्ये शूट. आत अंधार, अन् त्या अंधारात माह्या डोळ्याच्या कोपऱ्यात विजा चमकून राहिल्या. पुलावरचा तो फ्लॅश कोणाचा होता ते आता समजलं. बाकावर बसलो. तिथं मूर्तीसमोर मेणबत्त्या लावलेल्या, म्हाताऱ्या बाया गुडघ्यावर. मीही मनातल्या मनात त्रिसरण म्हटलं. दोनदा चुकलो. लहानपणापासून पाठ आहे अन् चुकलो.

बाहेर निघालो तं रस्ता ओलांडताना ट्राम आली ते दिसलंच नाही. आवाजच करत नाही इथली गाडी. आपल्याकडं हॉर्नच्या नावानं बोंबलतो आपण, पण हॉर्न माणसाले जिवंत ठेवते. एका गोऱ्या म्हातारीनं कोटाले धरून मागं ओढलं, काहीबाही ओरडली, मंग माह्या तोंडाकडं पायलं अन् ओरडणं थांबवून दंडावर हात ठेवला. पोचवून दिलं पलीकडं. थँक्यू म्हणायचंही राहिलं. चांगलं शहर आहे. मले इथं एक मिनिट थांबायचं नाही.

संगीतानं विचारलं, ‘व्हिडिओ काहून नाही करत?’ म्हटलं नेटवर्क नाही. खोटं. माहं तोंड पायलं का ती ओळखते.

आठ दिवस राहिले.

१४ एप्रिल

आज जयंती. घरी रॅली असन, पंचशीलाचे झेंडे असतील, आई नवं पातळ नेसून दारात बसली असन. दरवर्षी रॅलीचे फोटो मीच काढतो. यंदा नाही.

सकाळपासून उजव्या डोळ्यात खालच्या कोपऱ्यातून काळं काही तरी वर येऊन राहिलं. ठिपके नाही. सलग. मान हलवली तं तेही हलते. नदीचा खालचा काठ दिसत नव्हता, वर नुसते लाल कवेलूचे छप्पर तरंगत होते.

तरी शूट केला. तुषार म्हणे, ‘दादा, पाय कटून राहिले आमचे फ्रेममध्ये.’ मी म्हटलं, क्लोजअप घेऊन राहिलो. हसला तो. उतारावर पायरी दिसली नाही, पडलो. कॅमेरा छातीशी धरला म्हणून वाचला, गुडघा फुटला.

आ.बा. पाहून राहिली होती. हॉटेलात आल्यावर माह्या खोलीत आली. हातात कोसा रेशमाची साडी, लग्नात नेसायची, करवती काठाची. तिच्या मालकानं, म्हणजे नवऱ्यानं, स्वतः विणलेली, तिनंच धाग्याच्या कांड्या भरल्या होत्या. पलंगावर काठ ताणून धरला अन् म्हणे, ‘भाऊ, हे पाहा. करवतीचे दात कसे दिसतात?’

मी पायलं. दात वाकलेले. सरळ काठ मधूनच नागमोडी झालेला, अन् खालचा भाग तं नव्हताच.

म्हटलं, ‘मधात विणकर चुकला का जी?’

आ.बा.नं काठ सोडून दिला. म्हणे, ‘माहा मालक नाही चुकत. त्यालेही असंच दिसे, बाबू. धागा वाकडा जाते म्हणे. मागाले दोष दे. महिनाभर माग सोडला, बांधला, सोडला, बांधला, फणी बदलली. अन् आमी म्हणो, म्हाताऱ्याचा हात थकला. नागपूरले नेलं तेव्हा डॉक्टर म्हणे, आता कायले आणलं?’

मी सारं सांगितलं, विटीचंही. रडलो. बेचाळीस वर्षांचा माणूस, परक्या बाईसमोर. तिनं एवढंच विचारलं, ‘तू काय खोलून बसला होता?’

‘कॅमेरा,’ म्हटलं.

‘सारे माणसं एकाच मातीचे,’ म्हणे, अन् दार उघडून तुषारले हाक मारली.

१५ एप्रिल

दवाखाना. घाईघाईत लिहितो, अर्धी वही दिसत नाही.

डॉक्टरीण पोरगीच आहे, स्नेहलच्या वयाची. स्नेहल मधात बसून तिचं इंग्रजी मराठीत सांगत होती. पोरगी हुशार आहे, अन् माणूस चांगली. मी तिले नखरेल समजत होतो. डोळ्याचा आतला पडदा फाटला अन् सुटून राहिला. वरून खाली; डोळ्यात चित्र उलटं पडते म्हणून काळं मले खालून दिसे. मधली जागा, जिच्यानं वाचता येते, चेहरा ओळखता येते, ती आता उचलू लागली.

विचारलं, ठिपके कधीपासून? म्हटलं नऊ तारखेपासून. स्नेहलले काही तरी बोलली. स्नेहल सांगेचना.

‘सांग ना,’ म्हटलं.

‘दादा, ती म्हणते, तेव्हाच आले असते तर लेझरनं कदाचित दहा मिनिटांत झालं असतं.’

नऊ, दहा, अकरा. तीन दिवस मी काच पुसली.

आता उद्या सकाळी ऑपरेशन. आत गॅसचा बुडबुडा सोडतात, तो पडद्याले दाबून धरते. गॅस जिरेपर्यंत विमानात बसायचं नाही, उंचीवर बुडबुडा फुगते अन् डोळा जाते. तीन-चार आठवडे. अन् ऑपरेशन न करता उद्याच परत गेलो तं? डॉक्टरीण म्हणे, जा, पण नागपूर पोचेपर्यंत मधली जागा सुटून जाईन. मंग जोडलं तरी पहिल्यासारखं नाही.

व्हिसा १२ मेपर्यंत. विम्याचं स्नेहल पाहून राहिली. अन् मी इथं पडलो तं संगं कोण? तुषार-स्नेहलले २१ले जाणं भाग आहे, लग्न आहे त्यायचं. भाषा येत नाही, डोळा नाही. मले भीती वाटते. इतकी भीती आयुष्यात वाटली नाही. बाप गेला तेव्हाही नाही.

आ.बा. म्हणे, ‘मी राहीन.’

तुषार उडालाच. ‘आत्या, माहं लग्न आहे!’ त्याची माय लवकर गेली, आ.बा.नंच त्याले लहानाचा मोठा केला.

‘तुह्या लग्नात मले हळदीले कोणी हात लावू देणार आहे का? विधवा आहो. मागच्या खुर्चीवर बसूनच पाहाचं. ते मी मोबाइलवर पाहीन.’ आवाज चढला नाही तिचा. तुषार उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा डोळे लाल. तिच्या पायाले हात लावला.

मी नाही म्हणाले पाहिजे होतं. म्हटलं नाही. भीतीनं माणूस नालायक होते.

संगीताले फोन केला, नुसता आवाजाचा. सांगितलं. मोठ्यानं श्वास घेतला तिनं, मंग म्हणे, ‘डाव्याचं त्यायले सांगितलं ना? लपवू नका.’ मंग, ‘सही मी करू का? कुठी करायची?’ म्हटलं, सही मलेच करायची आहे. तिथून तुले कशी करता येईन. ‘हव,’ म्हणे. तरी दोनदा विचारलं.

१९ एप्रिल

मार्करनं लिहून राहिलो. स्नेहलनं आणून दिला. ओळीवर ओळ चढली असन.

ऑपरेशन झालं. दिवसरात्र पालथं पडून राहाचं, तोंड खाली, तेव्हाच बुडबुडा जागेवर दाबते. पट्टी काढली. उजव्यातून पाण्याखालून पाहिल्यासारखं. उजेड समजते. हात हलवला तं हलला समजते. बोटं मोजता येत नाही. डॉक्टरीण म्हणे, आता एवढंच. बुडबुडा जिरल्यावर समजन. विचारलं, नजर नक्की येईन? तिनं २४ तारखेची चिठ्ठी लिहून दिली. स्नेहलनं खोटा धीर देणारं काही जोडून सांगितलं नाही, त्याबद्दल बरं वाटलं.

या शहराचे फोटो सारं जग पाहते. मी पाहून राहिलो लादी. तेही धड नाही.

२१ एप्रिल

ते दोघं गेले. स्नेहल जाताना म्हणे, फोटो पायले दादा, सारे चांगले आहेत. चौदा तारखेचेही? म्हटलं. म्हणे, ‘पाय नाहीत आमचे. पण मी ठेवणार आहे ते.’

लग्नाले लाखनीचा फोटोवाला ठरवला. साहजिक आहे, तरी कॅमेऱ्याची बॅग पलंगाखाली सरकवली.

आता आम्ही दोघंच, दवाखान्याजवळच्या एका खोलीत. आ.बा.ले झेक भाषेतला एक शब्द येत नाही, पण खालच्या दुकानातून दूध, पाव, कांदे घेऊन येते. कशी आणते विचारलं. म्हणे, ‘बोट दाखवते अन् भांडते.’ औषध टाकताना तिचा हात थरथरत नाही. माहा डोळा थरथरते.

दुपारी पडल्या पडल्या विचार येते. हाही डोळा गेला तं? स्टुडिओ कोण उघडन? संगीताच्या पगारावर बसून खाऊ? पोरगी नववीत आहे, तिचा चेहरा बदलून राहिला दर महिन्याले. मी शेवटचा पायला तो ७ तारखेचा, बसस्टँडवर, उन्हात डोळे बारीक केलेले. नीट पायला नाही. बॅगा मोजून राहिलो होतो.

२४ एप्रिल

तपासणी. पडदा चिकटला आहे आतापुरता. आतापुरता हा शब्द आम्ही दोघायनं मोबाइलवर तीनदा मराठी करून ऐकला.

संध्याकाळी संगीताचा फोन. म्हणे, आज व्हिडिओच पाहिजे, ऐकणार नाही. आ.बा.नं मोबाइल माह्या तोंडाखाली जमिनीवर ठेवला, मी पालथाच.

उजेडाचा एक चौकोन. त्यात काही तरी हलून राहिलं होतं.

‘मी दिसून राहिली का तुमाले?’

‘हव,’ म्हटलं.

‘खरं?’

‘हव म्हटलं ना.’

‘मंग सांगा, काय करून राहिली मी आता?’

मी पायलं. डोळा फाडून पायलं. चौकोन तेवढाच. आवाज आला नाही तिचा, नुसता श्वास.

‘रडून राहिली,’ म्हटलं.

‘चूक,’ म्हणे. ‘हसून राहिली.’ अन् फोन ठेवला.

आ.बा. मोबाइल उचलून काच पदरानं पुसत होती.

विचारलं, ‘आत्याबाई, तुमी पायलं ना? हसून राहिली होती का रडून?’

आ.बा.नं माह्या मानेखालची उशी सरळ केली अन् म्हणे, ‘तोंड खाली ठेव, बाबू.’